शिरोरेषा जुळेपर्यंत: घरी बांधलेल्या सीएनसीचा वेग आणि अचूकपणा

दसऱ्याला, 12 ऑक्टोबर 2024 ला, मागच्या खोलीतल्या सीएनसी मशीनला, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कोरणाऱ्या यंत्राला, झेंडूचा हार घातला आणि आपट्याची पानं ठेवली. आधीच्या दिवाळीच्या पाडव्याला, 14 नोव्हेंबर 2023 ला, त्याचा पहिला भाग मागवला होता. मधल्या अकरा महिन्यांतले निम्मे तरी एकाच झगड्यात गेले: मशीन पळवलं की माप चुकतं, माप सांभाळलं की मशीन रांगतं. त्या काळात मी वहीत तारखा, आकडे आणि खर्च लिहीत होते. त्याच नोंदी इथे सलग मांडते आहे. कुणी घरी असं मशीन बांधायला बसलं असेल तर माझे काही महिने त्यांचे वाचावेत.

मी कोल्हापुरात शाळेत चित्रकला शिकवते. अक्षरांची ओढ लहानपणापासूनची. सागवानात कोरलेल्या देवनागरी पाट्या करायच्या होत्या, पण हाताने एक पाटी कोरायला दोन रविवार लागायचे. 400 बाय 600 मिमी कामाच्या जागेचं तयार मशीन माझ्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून बांधायचं ठरवलं. अंदाज 70,000 रुपयांचा केला होता, प्रत्यक्षात 1,21,790 लागले. हा आकडा आधीच सांगते, कारण पैसे मध्येच संपले की अर्धवट सांगाड्याकडे बघवत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबर भाग जमवण्यात गेले. सांगाड्याला अॅल्युमिनियमचे 40 बाय 80 चे प्रोफाइल, सरकण्यासाठी 15 मिमीच्या लिनिअर गाइड, आणि 1605 बॉलस्क्रू, म्हणजे 16 मिमी जाड आणि एका फेऱ्यात 5 मिमी पुढे नेणारे. मोटर नेमा 23 मापाच्या स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणाऱ्या, एकूण चार: एक्सला (आडवी चाल) एक, झेडला (वरखाली) एक, आणि गँट्रीच्या, म्हणजे पुढेमागे सरकणाऱ्या कमानीच्या, दोन्ही बाजूंना वायच्या दोन. गाइड आणि स्क्रू त्यांच्या ब्लॉकसकट 33,000, मोटर 8,400, त्यांना चालवणारे ड्रायव्हर 6,600. सगळ्यांत स्वस्त निघाला तो मेंदू: आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, जोडणीच्या बोर्डासकट 1,200. प्लेटा इथल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत, मिलिंग करून घेतल्या, प्रोफाइलसकट 21,500. झेडच्या प्लेटेला 20 मिमीऐवजी 10 मिमीचा पत्रा घेऊन मी 900 रुपये वाचवले. त्या 900 रुपयांचा हिशेब पुढे मे महिन्यात येईल.

स्पिंडल, म्हणजे टूल फिरवणारी मोटर, 1.5 किलोवॉटचं, पाण्याने थंड होणारं, व्हीएफडीसकट (त्याचा वेग ठरवणारं उपकरण) परदेशातून मागवलं. 19,500 रुपये. 3 जानेवारीला पार्सल भारतात पोचल्याचा मेसेज आला आणि पुढचे अकरा दिवस ते जागचं हललं नाही. केवायसी अडकली होती. माझ्या पॅनवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि ऑर्डरवर दोन्हींतलं अर्धं अर्धं. विवाह नोंदणीचा दाखला, पैसे भरल्याची पावती आणि 'वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही' असं सही करून दिलेलं पत्र, एवढं पाठवल्यावर 14 तारखेला ते सुटलं. ड्युटी, आयजीएसटी आणि कुरिअरचं शुल्क मिळून 6,250 भरले. तुम्ही मागवाल तेव्हा पॅनवर जसं आहे तसंच नाव ऑर्डरवर टाका, आणि ज्या पानावरून वस्तू घेतली त्याची पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा. नंतर ते पान बदलतं.

त्याच काळात वीज. घराचा मंजूर भार 2 किलोवॉट होता. स्पिंडल, एसएमपीएस (बाकी मोटरना डीसी वीज देणारा डबा), पाण्याचा पंप आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम एकदम चालले की तो अपुरा पडणार होता. 8 जानेवारीला वाढीव भाराचा ऑनलाइन अर्ज केला. त्याला परवानाधारक वीज ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागला, नेहमीच्या वायरमनचा चालला नाही. 19 तारखेला डिमांड नोट आली, सुरक्षा ठेव आणि शुल्क मिळून 2,340. 2 फेब्रुवारीला काम झालं. अर्जाचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता, दर फोनला तोच पहिल्यांदा विचारतात. अर्थिंगचा नवा खड्डा आणि मशीनसाठी वेगळी लाइन, यांचे 7,200 गेले. अर्थिंगवर काटकसर करू नका, त्याचं कारण लगेच पुढे आहे.

एक जण म्हणाला, उद्यम नोंदणी केल्याशिवाय असलं मशीन घरात ठेवता येत नाही, 1,500 द्या, करून देतो. ती नोंदणी धंदा करणाऱ्यांसाठी आहे, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, आणि घरच्या छंदाला तिची गरज नाही. पुढे पाट्या विकायच्या झाल्या तर मी स्वतःच करेन.

व्हीएफडी पहिल्यांदा चालू करताना घाई करू नका. ही स्पिंडल 400 हर्ट्झला 24,000 फेरे फिरतात, आणि व्हीएफडी बऱ्याचदा साध्या 50 हर्ट्झच्या मोटरसाठी लावलेला येतो. बेस फ्रिक्वेन्सी आणि कमाल फ्रिक्वेन्सी दोन्ही 400 केल्याशिवाय बटण दाबलं, तर वेटोळं जळायला फार वेळ लागत नाही. मी ते केलं, पण दुसरीकडे अडकले: स्पिंडल चालू होताच लिमिट स्विच (टोकाला पोचलं की मशीन थांबवणारा) दाबलाच गेला नसताना मशीन 'अलार्म 1' देऊन थांबायचं. व्हीएफडीच्या तारेतला विद्युत गोंगाट स्विचच्या तारांत शिरत होता. स्पिंडलला जाळीची शील्ड असलेली केबल घातली, स्विचच्या शील्डेड तारांची जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थ केली, प्रत्येक स्विचच्या पिनवर 0.1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. दोन आठवडे गेले, पण त्यानंतर एकदाही खोटा अलार्म नाही. घरचा आरसीसीबीही (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) पडायचा, कारण व्हीएफडीच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थला जातच असतो आणि घरातल्या बाकी गळतीत त्याची भर पडायची. वायरमनने मशीनच्या लाइनला स्वतंत्र आरसीसीबी दिला. आरसीसीबी काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

25 फेब्रुवारीला चारही मोटर फिरल्या. आता मूळ विषय.

ड्रायव्हरवर मायक्रोस्टेपचे, म्हणजे मोटरचं एक पाऊल आणखी बारीक वाटायचे, छोटे स्विच असतात. मोटरच्या एका फेऱ्यात 200 पावलं. ती बत्तिसांत वाटली की 6,400 होतात, भागिले 5 मिमी, म्हणजे एका मिमीला 1,280 पावलं. एक पाऊल 0.0008 मिमीचं! मी हरखून गेले. एवढं बारीक पाऊल म्हणजे तेवढंच बारीक माप, असं मला मनापासून वाटलं.

दोन ठिकाणी ते चुकलं. पहिलं, उनोवरचं जीआरबीएल सेकंदाला सुमारे 30,000 पावलंच पाठवू शकतं. 30,000 भागिले 1,280 म्हणजे 23.4 मिमी सेकंदाला, मिनिटाला जेमतेम 1,400. मी सेटिंगमध्ये 3,000 टाकलं होतं, ते कंट्रोलरला झेपणारच नव्हतं, मोटर नुसत्या किंचाळायच्या. दुसरं, त्या बारीक पावलात जोर नसतो. मोटरचा पूर्ण जोर 100 धरला, तर बत्तिसाव्या भागाच्या एका पावलाला त्यातला जेमतेम 5 मिळतो, आठव्या भागाच्या पावलाला साडेएकोणीस. गाइडचं घर्षण त्या 5 पेक्षा जास्त असेल, तर मोटर एक पाऊल टाकते आणि मशीन हलतच नाही, चार-पाच पावलं साठली की एकदम सरकतं. शिवाय माझे स्क्रू सी7 दर्जाचे, ज्यांना 300 मिमीत 0.05 मिमीची सूट असते. स्क्रूच एवढा सैल मोजतो, तिथे 0.0008 ची गोष्ट काय उपयोगाची? स्विच आठवर नेले. एका मिमीला 320 पावलं, एक पाऊल 0.003 मिमीचं, आणि कंट्रोलरची वेगाची मर्यादा 5,600 वर गेली. मापात काडीचा फरक पडला नाही. डायल गेजने (काट्यावर मिमीचा शंभरावा भाग दाखवणारं माप) आधी आणि नंतर मोजूनच हे लिहिते आहे.

3 मार्चला पहिली पाटी लावली. सागवान, 3 मिमीचं दोन दातांचं टूल, शब्द 'श्रीगणेश'. रिकामी धाव मिनिटाला 3,000 मिमी, कापण्याची 400. हळू कापलं की सुबक येईल हा माझा समज. पंचवीस मिनिटांनी धुराचा वास आला आणि खाचेच्या कडा काळ्या पडलेल्या दिसल्या. त्याहून वाईट म्हणजे 'श्री'ची शिरोरेषा 'ग'च्या शिरोरेषेला मिळेना, 'ग'ची 'णे'ला मिळेना. प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा उजवीकडे घसरलेलं, शेवटचा 'श' पूर्ण दीड मिमी. देवनागरीत ही चूक लपत नाही. रोमन अक्षरं सुटी असतात, अर्धा मिमी इकडेतिकडे झाला तर डोळ्याला कळत नाही. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर एकच सरळ दांडी असते आणि ती तुटली की सगळा शब्द तुटतो. मी ती पाटी फेकली नाही, कपाटावर ठेवली आहे.

काळं पडण्याचं कारण उद्यमनगरातल्या अण्णांनी सांगितलं. अण्णा माझ्या वडिलांच्या ओळखीचे, आयुष्य लेथ आणि मिलिंगवर गेलेलं. पाटीवरून अंगठा फिरवून म्हणाले, "टूल कापत न्हाई पोरी, घासतंय." मग हिशेब मांडून दाखवला. 24,000 फेरे, दोन दात, म्हणजे मिनिटाला 48,000 घास. पुढे सरकणं 400 मिमी. एका घासाला 0.008 मिमी. एवढ्या पातळ पापुद्र्याला दाताची धार पकडतच नाही, ती त्यावर घसरते आणि तापते. 16,000 फेरे आणि 1,100 मिमी केलं, घास 0.034 झाला. बारीक पिठासारख्या भुशाऐवजी दिसतील असे कण उडायला लागले, टूलला हात लावला तर कोमट. म्हणजे इथे हळू चालणंच कामाला मारक होतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर चार टूल वाचली असती. सगळी मिळून टूलांवर 5,000 गेले.

घसरण्याचं कारण वेगळं होतं: पावलं चुकत होती. स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत हे कळत नाही. सांगितलेलं पाऊल पडलं नाही तरी कंट्रोलर ते पडलंच असं धरून पुढे जातो. 3,000 मिमी म्हणजे माझ्या स्क्रूवर मिनिटाला 600 फेरे. मोटरच्या वेटोळ्यात करंट चढायला वेळ लागतो, फेरे वाढले की तेवढा वेळच मिळत नाही आणि जोर गळतो. मी 24 व्होल्टचा एसएमपीएस लावला होता, कारण तो 1,400 ला मिळाला. डीएम542 ड्रायव्हर 20 ते 50 व्होल्ट घेतो. गुढीपाडव्याच्या आठवड्यात, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, 36 व्होल्टचा आणला, 2,600. त्याच मोटर, तेच ड्रायव्हर, आणि 4,000 ला सुद्धा पाऊल चुकेना. सुरुवातीलाच 36 घ्या.

पावलं चुकतात का हे बघायची माझी पद्धत: डायल गेज चुंबकी स्टँडवर गँट्रीला टेकवून काटा शून्यावर आणायचा, मग दोनशे वेळा जोरात पुढेमागे धावायचा प्रोग्रॅम लावायचा, शेवटी शून्यावर परत बोलवायचं. काटा शून्यावर आला तर ठीक. वेग 500 ने वाढवत जायचा. जिथे काटा परत येत नाही तो आकडा लिहायचा आणि त्याच्या सत्तर टक्क्यांवर मशीन चालवायचं. माझं एक्स 4,500 ला चुकलं, मी 3,000 वर ठेवलं. झेडला वजन उचलायचं असतं, तिथे 1,200. डायल गेज अण्णांनीच दिला, अजून माझ्याकडेच आहे.

मे महिन्याची सुट्टी लागली आणि रोज सात-आठ तास मिळायला लागले. पावलं आता चुकत नव्हती, तरी अक्षरांचे कोपरे गोल यायचे आणि कोपऱ्यानंतरच्या सरळ रेषेत बारीक लाटा उठायच्या. ड्रायव्हर, सेटिंग, सॉफ्टवेअर, सगळं उलटसुलट करून झालं. 11 मे रोजी अण्णा घरी आले. मशीनला हात लावण्याआधी त्यांनी माझ्या सुटकेसचं वजन करायचा हुकाचा काटा मागून घेतला. स्पिंडलच्या टोकाला दोरी बांधली, काटा अडकवला आणि 5 किलोने ओढलं. दुसऱ्या बाजूला डायल गेज. काटा 21 डिव्हिजन सरकला, म्हणजे 0.21 मिमी. सोडला, परत आला.

"मशीन हलतंय पोरी. आधी हलायचं थांबव, मग पळव."

सगळ्या अकरा महिन्यांतली सगळ्यांत कामाची गोष्ट कोणती, असं विचारलंत तर मी हीच सांगेन. 5 किलोला 0.21 वाकणारं मशीन कितीही हळू चालवलं तरी कापताना टूल बाजूला ढकललं जाणारच, आणि वेगाने वळलं की हेलकावे घेणारच. वेग आणि अचूकपणा एकमेकांचे वैरी आहेत असं मी समजत होते. माझ्या मशीनमध्ये दोघांनाही एकच गोष्ट खात होती, ती म्हणजे 10 मिमीची झेड प्लेट. तिच्या जागी 20 मिमीची घातली. वाचवलेले 900 परत केले, वर दोनदा मिलिंगला जाणं. झेडचे ब्लॉक जेमतेम 60 मिमी अंतरावर होते, ते 110 वर नेले. स्पिंडल खाली लोंबत होतं, ते क्लॅम्पमध्ये 45 मिमी वर घेतलं. बाहेर लोंबणारा भाग दुप्पट झाला की वाकणं आठपट होतं, हे अण्णांनी बोटाने दाखवलं: फूटपट्टी टेबलाच्या कडेला धरून आधी लांब, मग आखूड. पुन्हा 5 किलो. काटा 6 डिव्हिजनवर थांबला. मी तो आकडा वहीत लाल पेनने लिहिला आहे.

त्याच आठवड्यात गुण्या तपासला, म्हणजे कोपरे काटकोनात येतात का ते. चार कोपऱ्यांत 400 बाय 300 वर चार भोकं पाडली, त्यांत पिना घातल्या आणि दोन्ही कर्ण मोठ्या व्हर्नियरने मोजले. दोन्ही 500 यायला हवेत. माझ्यात 1.1 मिमीचा फरक. म्हणजे गँट्री 300 मिमीला सुमारे 0.7 तिरकी चालत होती. वायच्या दोन मोटरपैकी एक मागे राहते, मशीन बंद असताना हात लागला तरी हे होतं. दोन्ही बाजूंना टोकाला एकेक बोल्ट लावला, आवळून-सैल करून कर्ण जुळवले. आता रोज चालू करायच्या आधी गँट्री हाताने मागे ओढून दोन्ही बोल्टांना टेकवते आणि मगच वीज देते. साधं आहे, पण अजून कर्णात 0.1 च्या वर फरक आला नाही. वायमध्ये 0.09 मिमीचा प्लेही (मोकळी हालचाल) सापडला. नट खराब असेल म्हणून नवा स्क्रू मागवणार होते, तर मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक ग्रब स्क्रू ढिला निघाला. आवळल्यावर 0.03. नवीन काही विकत घ्यायच्या आधी सगळे बोल्ट एकदा आवळून बघा.

मशीन घट्ट झाल्यावर अॅक्सलरेशन, म्हणजे दर सेकंदाला वेग किती मिमी/सेकंदाने वाढतो ते, वाढवता आलं, आणि खरा वेग तिथे सापडला. कमाल वेग 3,000 म्हणजे सेकंदाला 50 मिमी. अॅक्सलरेशन 100 असेल तर तिथे पोचायला 12.5 मिमी धाव लागते आणि थांबायला तेवढीच. शिरोरेषेवर मशीन पोचतं, पण 'ळ'च्या गाठीत किंवा 'क्ष'च्या वळणात 25 मिमी सरळ रस्ता असतोच कुठे? कमाल वेग 6,000 केला तरी तिथे एक सेकंद वाचत नाही. 350 केलं तर साडेतीन मिमीत वेग मिळतो. आधी मी 200 च्या वर नेलं की लाटा यायच्या, प्लेट बदलल्यावर 350 ला कडा स्वच्छ. 500 ला पुन्हा लाटा, म्हणून 350 वरच थांबले.

जूनमध्ये पाऊस लागला आणि कोल्हापूरच्या पावसात मशीनची एमडीएफची (दाबलेल्या भुशाच्या फळीची) बैठक फुगली. मध्यभाग 0.4 मिमी वर. वरून पातळ थर काढून सपाट केली, आठवड्यात पुन्हा तेच. कडांना आणि तळाला पॉलिश मारल्यावर बरं झालं. त्या महिन्यात वीजही सारखी जायची. बॉलस्क्रू इतका हलका फिरतो की वीज गेली की झेड स्वतःच्या वजनाने खाली येतो. एकदा फिरतं टूल कामात रुतून मोडलं. तेव्हापासून काम संपलं की स्पिंडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवते, आणि ढग भरून आले असतील तर लांबचं काम लावत नाही.

जुलै-ऑगस्टची गोष्ट थोडी क्लिष्ट आहे, पण अक्षरं कोरणाऱ्यांनी जरूर वाचा. सगळं घट्ट, सगळं जुळलेलं, तरी वळणांवर मशीन घर्र-घर्र अडखळायचं. 180 मिमीच्या पाटीला 46 मिनिटं, आणि वळणांवर पुन्हा काळसर डाग. फाइल उघडून पाहिली. जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, काढताना मी टॉलरन्स (मूळ आकारापासून चालेल एवढी सूट) 0.002 मिमी ठेवला होता, पुन्हा त्याच हौसेपोटी. त्यामुळे प्रत्येक गोलाईचे 0.05 मिमीचे हजारो सरळ तुकडे झालेले. जीआरबीएल पुढचे फार तर सोळा तुकडे बघतं, म्हणजे 0.8 मिमी पुढचं. रस्ता पुढे संपतोय असंच ते दर वेळी धरतं, कारण त्यापलीकडचं त्याला दिसत नाही, आणि तेवढ्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवतं. त्यात यूएसबीवरून ओळी पोचायला उशीर झाला की तेही हातातून जातं. टॉलरन्स 0.02 केला आणि गोलाईला सरळ तुकड्यांऐवजी जी2-जी3 या आज्ञांचे कंस काढायला लावले. फाइल 41,000 ओळींवरून 2,600 वर आली. वेळ 27 मिनिटं. आणि 'ग'ची गोलाई बोटाला गुळगुळीत लागली, आधी कधीच लागली नव्हती इतकी, कारण टूल आता एका चालीत वळत होतं. माप दहापट सैल केलं तेव्हा काम जास्त चांगलं आलं. शेवटी, आधी 0.2 मिमी सोडून जोरात खोदायचं आणि एकच शेवटचा हात कडेने 800 च्या चालीने मारायचा असं केलं, तेव्हा 19 मिनिटं.

अॅल्युमिनियमवर मात्र हे सैल धोरण चालत नाही. ऑगस्टअखेर 608 बेअरिंगसाठी 22 मिमीचं घर कापलं, 6 मिमीचं एका दाताचं टूल, 12,000 फेरे. 1,500 च्या चालीने व्यास 21.86 आला आणि थोडा लंबगोलही. तोच प्रोग्रॅम 480 ला, 21.95. त्यानंतर काहीही न बदलता शेवटचा हात त्याच वाटेने पुन्हा एकदा फिरवला, 21.99, आणि बेअरिंग अंगठ्याने दाबून बसलं. टूल थोडं वाकलेलं असतं, दुसऱ्या फेरीत ते सरळ होऊन उरलेलं काढतं. सागवानाच्या पाटीला मी एवढे लाड करत नाही. तिथे 0.1 पुरतं, कारण सागवान पावसात त्याहून जास्त हलतं. काम हातात घेताना आता वहीत पहिल्यांदा लिहिते ते 'किती चुकलं तर चालेल'. वेग त्यावरून ठरतो.

मशीनजवळ जाताना ओढणी, बांगड्या, मोकळे केस काही नाही. एमडीएफच्या धुळीला मास्क, कानाला प्लग. लाल इमर्जन्सी बटण हाताच्या अंतरावर, आणि ते कंट्रोलरला नाही तर सरळ व्हीएफडी आणि मोटरची वीज तोडणारं.

सध्या भिंतीवर एक कागद चिकटवला आहे: 320 पावलं, 3,000, 1,200, 350, तारीख 5 ऑक्टोबर. शेजारी मे महिन्यातल्या दुपारी घेतलेलं 400 मिमीचं माप. तेव्हा खोलीत 38 अंश होतं. पोलादी स्क्रू 15 अंश गार झाला तर 400 मिमीला साधारण 0.07 आखडतो, तेवढं बेअरिंगच्या घरांमधल्या अंतराला बाधतं. डिसेंबरात थंडी पडली की पहाटे उठून तेच माप त्याच पिनांवर पुन्हा घेणार आहे. डायल गेज तोपर्यंत अण्णांकडून मागूनच ठेवला आहे.